चौथ्या दिवशीचा हिरवा थर

तंजावूर
८ मार्च १९९८

प्रिय विनुता,

आज तीन दिवस मी दिसेल त्याच्या अंगावर ओरडतो आहे. परवा ऑटोवाल्यावर ओरडलो, काल शेडमध्ये रंग ढवळणाऱ्या बायांवर, आणि आज सकाळी तुझ्या आईवर, काप्पी फार गरम आहे म्हणून. निवलेली असती तरी ओरडलोच असतो. ती शांतपणे म्हणाली, "तुमास राग कोणाचा आलाय ते एक ठरवा जी, म्हणजे आमी बाकीचे आपल्या कामास लागतो." ठरवायलाच बसलो आहे. फोन केला असता, पण दोन महिने तू होस्टेलच्या फोनवर 'बरी आहे, ठेवते' यापलीकडे काही बोलत नाहीस, आणि माझं सांगणं तेवढ्यात मावणारं नाही. हे पत्र मध्येच फेकून द्यावंसं वाटेल. फेकू नकोस. शेवटपर्यंत वाच आणि मग हवं ते कर.

गुरुवारी मद्रासला कंपनीच्या विक्रेत्यांची बैठक होती. कुठली कंपनी ते तुला सांगायला नको. मोठं हॉटेल, बाहेर वितळेपर्यंत ऐट करणारा बर्फाचा मासा, आत खुर्च्यांना पांढरे अभ्रे. दिवे मालवून त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं, तर त्यात आपलं शेवाळ! हिरवं, रेशमी, मल्लिपट्टिनमच्या धक्क्याच्या दगडावर असतं तसंच. टायवाला एक पोरगा इंग्रजीत सांगत होता, नावेच्या बुडाला लावायचा असा रंग येतोय की ज्यात विष नाही, कथील नाही, समुद्रातल्याच जिवाणूंनी बनवलेलं द्रव्य आहे, आणि हे सगळं आमच्या चाळीस शास्त्रज्ञांच्या तपश्चर्येचं फळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या नागपट्टणमच्या विक्रेत्यानं माझ्या मांडीवर थाप मारून विचारलं, "काय वेंकटराव, तुमची शेड आता कोंबड्यांना देणार का?" मी हसलो. मी नेहमी हसतोच, त्यावरच तर माझा धंदा चालला आहे. पण पोटात असा जाळ उठला होता की त्यावर भात शिजला असता.

कारण त्या चित्रामागचं सगळं मला माहीत होतं. सोळाव्या वर्षी मी त्याच वाळूवर उलट्या घातलेल्या नावांची बुडं खरवडायला लागलो. आपली माणसं नाकं मुरडत, यांचे पूर्वज राजाच्या पोथ्या सांभाळायचे आणि हा कोळ्यांच्या नावा घासतो. घासत होतो. नावेच्या बुडाला चिकटून बसणाऱ्या बार्नॅकलची ती चुन्याची कवचं किती धारदार असतात ते माझ्या बोटांच्या पेरांना विचार. पुढे स्वतः रंग बनवायला लागलो, ओरत्तनाडूच्या रस्त्यावर शेड घातली, आधी तांब्याचा रंग, मग कथलाचा. त्या रंगानं हे घर बांधलं, तुला शिकवलं. आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तू जेवायला बसल्या बसल्या म्हणालीस, "अण्णा, तुमच्या रंगाच्या आसपास राहणाऱ्या गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटतात." तुझी आई घास तसाच ठेवून उठली. मी विनोद करून वेळ मारून नेली, पण त्यानंतर आठवडाभर शेडकडे फिरकलो नाही, हे तुला कधी सांगितलं नाही.

मग तू मला त्या दगडापाशी नेलंस. दगडावर बोट ठेवायला जागा नाही इतके बार्नॅकल, आणि त्याच दगडावर उगवलेलं शेवाळ मात्र लख्ख. तू विचारलंस, यावर ते का बसत नाहीत? तीस वर्षं मी तो दगड पाहत होतो, मला कधी हे विचारावंसं वाटलं नाही. खरं सांगतो, त्या दिवशी मला तुझा हेवा वाटला. पुढे तू शोधलंस की शेवाळाच्या अंगावर जिवाणूंचा एक थर असतो, तो काहीतरी सोडतो, आणि बार्नॅकलची पोहणारी पिल्लं जवळ येऊन चव घेतात आणि निघून जातात. मरत नाहीत, फक्त दुसरीकडे घर करतात. मला ते फार आवडलं होतं. हाकलायचं, पण मारायचं नाही.

आणि मग ते आठ महिने. जिवाणू बाटलीत वाढायचे, बाटल्या यंत्रावर सारख्या हलायच्या, जिवाणू मजेत असायचे, पण ते द्रव्य मात्र थेंबभरसुद्धा सोडायचे नाहीत. पोंगलला घरी आलीस तेव्हा तुझं तोंड एवढंसं झालं होतं. सीतालक्ष्मी मॅडम, तुझ्या गुरू, विषय बदल म्हणत होत्या. मी म्हटलं होतं, "अगं, दही लावल्यावर भांडं कोणी हलवत बसतं का?" तू माझ्याकडे असं पाहिलंस की मला वाटलं काही वेडंवाकडं बोललो. तू दुसऱ्याच दिवशी परत गेलीस. पसरट ताटलीत काचेच्या पट्ट्या ठेवल्यास, त्यावर त्याच शेवाळाचा काढा ओतलास, आणि कोणाला हात लावू दिला नाहीस. चौथ्या दिवशी पट्टीवरचा पिवळा थर गर्द हिरवा झाला आणि त्यात ते द्रव्य सापडलं. पाचव्या दिवशी पुन्हा नाहीसं. तू आणि तुझ्याच प्रयोगशाळेतल्या विघ्नेशनं त्याचा लेप दिलेल्या फळ्या धक्क्यावरून पाण्यात सोडल्या, दर पंधरवड्याला दोघं बसनं जायचात, वर ओढून पाहायचात. पाच महिन्यांनीसुद्धा फळी तळहातासारखी स्वच्छ होती. शोध तुझा. दह्याचं तेवढं वाक्य माझं. पण त्या एका वाक्यानं मी किती फुगलो होतो ते तुला कळलं नाही, आणि तिथंच सगळं बिघडलं.

जानेवारीत पेटंटच्या गॅझेटात पद्धत छापून आली. कंपनीच्या नावानं. न हलवता वाढवायचं, पट्टीवर वाढवायचं, शेवाळाचा काढा घालायचा, चौथ्या दिवशी थर हिरवा झाला की खरवडून घ्यायचा. एकही पायरी सुटलेली नाही. त्यांचा अर्ज शहाण्णवच्या जुलैमधला, मॅडमचा त्यानंतरचा. तुझी चार वर्षं पाण्यात गेली. तू फोन केलास, तुझा आवाज इतका सपाट होता की मला आधी दुसरंच कोणी वाटलं. हे चौघांनाच माहीत होतं, तू, मॅडम, विघ्नेश आणि मी. तू विचारलंस, "अण्णा, तुम्ही कोणास?" मी म्हटलं, घराबाहेर एक अक्षर नाही. हे खरं होतं, विनुता. अक्षरशः खरं होतं, तेच मला आता जाळतं आहे.

आणि त्यावर मी थांबलो नाही. तू विचारलं नव्हतंस तरी मीच म्हटलं, विघ्नेश त्या साली मुंबईला परिषदेला गेला होता ना? मग मी त्याला फोन केला. मुंबईत कोणाकोणाला भेटलास म्हणून विचारलं, तर तो अडखळला. चांगला चार श्वास गप्प राहिला आणि मग म्हणाला, "कोणास नाही, मामा." मी तुला सांगितलं, मुलगा खोटं बोलतो आहे. माझे कान तुला माहीत आहेत. फळीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं की आत किडा आहे की नाही ते मी सांगतो, डब्यावर टिचकी मारून रंगात खडू किती मिसळलाय ते सांगतो. तू त्या कानांवर विसंबलीस. विघ्नेशविरुद्ध लेखी तक्रार दिलीस. प्रयोगशाळेचं दार त्याला बंद झालं. तुमचं दोघांचं ठरलेलं लग्न मोडलं. त्याची आई, वसुमती, पापनाशमहून एकटी बसनं आली, साखरपुड्याची साडी आणि वाटी परत करायला. मी बाहेर तिण्णैवर, दाराजवळच्या ओट्यावर, बसलो होतो. उठलो नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. तिनं पिशवी दारात ठेवली आणि एवढंच म्हणाली, "दादा, माझा लेक तुमच्याशी मराठीत बोलायचा म्हणून आठ-आठ दिवस घोकत असे." मला तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. मी पेपर पुढ्यात धरून बसलो.

आता मद्रासकडे परत येतो. जेवणाआधी मी पाणी प्यायला बाहेर आलो. जिन्याजवळ टेलिफोन होता, त्यावर पाठमोरा एक माणूस बोलत होता. मराठीत. आपल्यासारखी नव्हे, मुंबईची. "अगं, रडतोय काय लेकाचा? पप्पा उद्या सकाळी येतोय म्हणावं. परीक्षा झाल्याशिवाय सायकल नाही, स्पष्ट सांग त्याला. आणि आईंचं औषध आणलंस का? डोंबिवलीत नसेल तर ठाण्याला बघ ना गं." मी कौतुकानं थांबलो. मद्रासला मराठी कानावर पडली की मी असाच थांबतो, वेड्यासारखा. त्यानं फोन ठेवला आणि वळला. गुरुमूर्ती.

तू त्याला पाहिलेलं नाहीस. कंपनीचा या भागाचा साहेब, मला एजन्सी देणारा. शहाण्णवच्या एप्रिल महिन्यात तो पहिल्यांदा तंजावूरला आला, गोडगोड तमिळ बोलणारा, मूळचा कुंभकोणम बाजूचा म्हणाला. मी त्याला दुपारी घरी जेवायला आणलं. तू तेव्हा संस्थेत होतीस. आपल्या माणसांची खोड तुला सांगायला हवी का? साडीच्या दुकानात, बसमध्ये, मुलगी बघायला गेल्यावर समोरच्या माणसाकडे गोड हसून त्याच्यादेखत आपण मराठीत त्याचं माप काढतो. आजोबा काढायचे, पणजोबा काढायचे. ही भाषा म्हणजे आपल्या घरची कडी. लावली की बाकीचं जग बाहेर. इतक्या पिढ्यांत एकदाही कोणी पकडलं नाही, म्हणून आपल्याला वाटतं कोणी पकडणारच नाही.

तर तो मांडी घालून जेवत होता. तुझी आई त्याला भात वाढताना हसून मला म्हणाली, "काय जेवतोय हो हा, याच्या घरी वाढणारं कोण नाही की काय?" मी हसलो. तोही हसला. मला वाटलं आम्ही हसलो म्हणून हसला. मग तो तमिळमध्ये सांगायला लागला की नावेच्या रंगाचं नवं संशोधन चाललं आहे, समुद्रातल्या जिवाणूंवर, चाळीस माणसं लावली आहेत, पण अजून जमत नाही. मला झोंबलं. चाळीस माणसं! माझी एकटी पोर! पण त्याच्याशी बोलायचं नाही एवढं भान होतं, म्हणून मी तुझ्या आईकडे वळलो आणि मराठीत म्हटलं, "चाळीसजण म्हणे बाटल्या हलवत बसलेत. हलवू देत. आपल्या विनुतानं न हलवता ताटलीत लावलं, शेवाळाचा काढा घातला, चौथ्या दिवशी हिरवंगार. बापानं सांगितलेलं दही आहे ते, यांच्या साहेबास कुठलं सुचतंय!" असं म्हणालो, विनुता. हे सगळं, या क्रमानं, हसत हसत, त्याच्या पानावर रसम वाढत असताना. आणि ऐक, मी एक आवाज ऐकला. तो चावायचा थांबला. तोंडात घास तसाच. हे माझ्या कानांनी टिपलं आणि मला वाटलं, भातात खडा लागला वाटतं बिचाऱ्याला. मी तुझ्या आईला तांदूळ नीट निवडत जा म्हणून बोललोसुद्धा. त्यानं आणखी भात मागून घेतला.

जिन्यापाशी मी त्याला मराठीतच विचारलं, तुला मराठी येते? तो जरासाही दचकला नाही. "वा, काका, मी लहानाचा मोठा डोंबिवलीत झालो. बायको तर चिपळूणची." मग तू सांगितलं का नाहीस? तर खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "तुम्ही विचारलं कुठे?" आणि वर, "काकूंना नमस्कार सांगा. माझ्या घरी वाढणारं आहे म्हणावं, पण त्यांच्यासारखं रसम नाही." मी त्याचा हात झटकला. त्याला दोन-चार शिव्या दिल्या, मराठीत, तमिळमध्ये आणि नावा खरवडताना शिकलेल्या भाषेत. माणसं गोळा झाली. मला दोघांनी धरून खुर्चीवर बसवलं, कोणी पाणी आणलं, वेंकटरावांना उष्मा झाला म्हणाले. एजन्सीचं पत्र मी तिथंच फाडलं. त्यानं काय होणार? वकिलाकडे काल जाऊन आलो. वकील म्हणतो, जेवताना बोललेलं चोरी होत नाही, पद्धत आता त्यांचीच.

त्याचा राग येतो, पण तो राग सोपा आहे. मला राग येतो त्या टाळ्यांचा, त्या चाळीस जणांच्या तपश्चर्येचा, आणि सरकारनं दारं उघडली म्हणून आत शिरून आधी स्वयंपाकघरात डोकावणाऱ्या त्या सगळ्या टायवाल्यांचा. थोडा तुझाही येतो. पाच महिने फळी पाण्यात लोंबकळत ठेवल्याशिवाय तू कागदावर एक ओळ लिहीत नाहीस, आणि एका माणसाला चोर ठरवताना बापाच्या कानावर निभावलंस? एकदा त्याच्यासमोर बसून विचारलं असतंस. पण हेही तुझ्यावर ढकलतो आहे हे मला समजतं. विघ्नेश त्या दिवशी फोनवर का अडखळला ते मला मद्रासहून परतताना रेल्वेत समजलं. तमिळ बोललास तर फोन ठेवीन, आपला मुलगा ना तू, मराठीत बोल, असं मीच त्याला नेहमी दटावतो. त्याला भाषा समजते, जिभेवर येत नाही. तो खोटं रचत नव्हता, मनातलं तमिळ उलटवून मराठीत बसवत होता. भर पानावर पोटातलं ओकणारा मी, पण माझं बोलणं अस्खलित, म्हणून मी खरा. आणि शब्द शोधणारा तो खोटा. असे माझे कान.

सोमवारी सोळा तारखेला तुमची चौकशी समिती बसेल. मी येणार आहे. मॅडमना तसं कळवलं आहे, कारण मात्र सांगितलेलं नाही. जेवणाची तारीख तुझ्या आईच्या पंचांगात लिहिलेली आहे, अक्षय तृतीयेची खूण आहे, त्यानंतर अकरा आठवड्यांनी कंपनीचा अर्ज. समितीला मी हे तमिळमध्ये सांगेन, पंचांगासकट. पण समितीच्या आधी हे विघ्नेशला कळायला हवं, आणि ते माझ्या तोंडून नको. माझ्या तोंडानं पुरेसं केलं आहे. त्याला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून पोस्टानं त्याला पाठवून उपयोग नाही. म्हणून हे तुला लिहिलं. तो पापनाशमलाच आहे, शाळेत पोरांना गणित शिकवतो असं ऐकलं. तू बसनं जा. त्याच्यासमोर बस आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून त्याला वाचून दाखव, वसुमतीताईंनाही बसव. गोगलगायींचं गाळलंस तरी चालेल, मी उठलो नाही ते गाळू नकोस. सावकाश वाच, त्याला प्रत्येक शब्द कळू दे, आणि तो गप्प राहिला तर त्याला गप्प राहू दे. मध्ये बोलून त्याचं वाक्य पुरं करू नकोस. तो ऐकून घेईल किंवा तुला दारातूनच परत पाठवील. 'परत पाठवलंस तरी आम्ही समजू,' असं त्याला माझ्यातर्फे आधीच सांग.

तुझाच, ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो,
अण्णा